अण्णा, काल मी शाळेची व्हॅन हलू दिली नाही

प्रिय अण्णा,

तुमच्या महेशला सांगून झालं. शेजारच्या वहिनींना सांगून झालं. आईला तर फोनवर दोनदा सांगितलं. सगळे म्हणाले, "शाब्बास!" पण या गोष्टीला खरी दाद तुम्हीच देणार. सासरे जाऊन वर्ष झाल्यावर सून पत्र लिहायला बसलीय! हसा, पण ऐका.

काल मी दिलीपभाऊंना सगळ्यांसमोर "नाही" म्हटलं.

दिलीपभाऊ म्हणजे आमचे व्हॅनमालक. आठ महिने झाले, त्यांची शाळेची व्हॅन मी चालवते. असल्फ्याच्या टेकडीवरची अकरा मुलं खाली घाटकोपरच्या शाळेत न्यायची. तो उतार तुम्हाला काय सांगायचा!

सोमवारपासून स्टेअरिंग मला पटत नव्हतं. सरळ रस्त्यावरही व्हॅन उजवीकडे ओढायची. चाक खड्ड्यात गेलं की पुढून 'टक्' असा आवाज. दिलीपभाऊंनी ती गॅरेजला पाठवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी परत आणून दिली, "चेक केलंय मॅडम, एकदम झकास. रस्तेच खराब आहेत."

बाईला आवाज ऐकू आला की तो रस्त्याचाच असतो का हो, अण्णा?

मला मग आपली गल्ली आठवली. काचबिंदूने तुमची नजर गेली, तरी महेशच्या जुन्या गाडीचा आवाज ऐकून तुम्हाला चैन पडेना. तुम्ही स्टुलावर, मी चाकाशी गोणपाटावर. "माका सांग गो, सांध्याची रबराची टोपी फाटली काय?" मी म्हणायचे, "अण्णा, सगळं काळंच दिसतंय." "मगे पूस आणि परत बघ!" गल्लीतल्या बायका हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक विचारू? रागावू नका. चाळीस वर्षं गॅरेजात काढलीत, पण घरातल्या एका बाईच्या हातात कधी पाना दिला नाहीत. तुमची नजर शाबूत असती, तर मला तरी गाडीला हात लावू दिला असता का? मला नाही वाटत. याचा मला आजही राग येतो.

तर काल सकाळी मी अर्धा तास आधीच गेले. सपाट जागा बघून व्हॅन उभी केली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. आधी पुढचे कोपरे एकेक करून दाबून सोडले. गाडी वर आली आणि गप्प बसली, हिंदकळत राहिली नाही. म्हणजे शॉकअॅब्सॉर्बर ठीक. मग चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग हलकेच फिरवलं. चार बोटं फिरलं, तरी चाक जागचं हलेना!

उजवं चाक जॅकवर उचललं, खाली लोखंडी घोडी लावली. चाक वरून-खालून धरून हलवलं. घट्ट. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं.

टक्.

स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला. स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, त्याची टोपी फाटलेली, ग्रीस वाळून गेलेलं. तो सांधा उतारावर निसटला असता तर? चाक कुठेही वळलं असतं आणि मी नुसतं स्टेअरिंग गरागरा फिरवत बसले असते!

तेवढ्यात दिलीपभाऊ आले, पाठोपाठ मुलं आणि त्यांच्या आया. दिलीपभाऊ भडकलेच. "अहो ताई, शाळेची वेळ झाली! आजचा दिवस न्या, संध्याकाळी बघू."

"नाही नेणार."

"गॅरेजवाल्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"या चाकापुरतं कळतं. हवं तर दुसरा ड्रायव्हर बघा. पण त्याला आधी हे चाक हलवून बघायला सांगा."

माझा आवाज जराही कापला नाही, अण्णा! मुलं रिक्षांनी गेली, आया तिथेच थांबल्या. दिलीपभाऊंनी मिस्त्रींना बोलावलं. ते आले ते हसतच. चाक धरून एकदा हलवलं, दोनदा हलवलं, आणि हसू गेलं. खाली बसून सांधा बघितला. मग दिलीपभाऊंकडे वळून म्हणाले, "ही गाडी चालवून गॅरेजपर्यंतही नेऊ नका. टो करा." आणि मला म्हणाले, "ताई, मी चाक उचललंच नव्हतं. चुकलं माझं."

एवढ्या बायकांसमोर! मी हवेत होते!

दुपारपर्यंत नवा सांधा बसला, अलाइनमेंटही झालं. मी रिकामी व्हॅन त्याच उतारावरून खाली आणली. हात जरा वळवला की व्हॅन वळते, सोडला की सरळ! दिलीपभाऊ शेजारी बसले होते. खाली आल्यावर एवढंच म्हणाले, "यापुढे तुम्ही ओके म्हणाल तेव्हाच गाडी निघेल."

एकच सल आहे. हॉस्पिटलात तुम्ही विचारलं होतंत, "शिकलंस ता लक्षात आसा मा?" मी घाईत होते, "हो हो" म्हणून डबा आवरला. तेव्हाच म्हणायला हवं होतं, अण्णा, तुमच्यामुळे मला काहीतरी येतं!

संध्याकाळी तिसरीतल्या अन्वीची आई घरी आली. नवऱ्याची गाडी नुकतीच चालवायला लागलीय. "मला शिकवाल?" म्हणाली. रविवारी येतेय, अजून चौघींना घेऊन.

तेव्हा माझा शब्द घ्या. रोज सकाळी मुलं चढायच्या आधी मी व्हॅन तपासणार. शंका आली की गाडी उभी, समोर कोणीही असो. आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात मी पाना देणार. माझी नजर चांगली असतानाच.

तुमची सून,
सुरेखा