शिवणीवरच्या एकोणीस पेशी

रविवार, १४ जून, सकाळी

चि. मुंगी हिला मावशीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा दुखतो आणि तुझे काका त्यावर व्याख्यान देतात, म्हणजे दोन्ही नेहमीसारखं. बाल्कनीतल्या कुंडीत कबुतराने अंडी घातली आहेत, त्यामुळे तिकडचं दार उघडायला मला बंदी आहे.

तीन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या आईच्या हाती देते आहे. काल ताई सांगत होती, प्रबंध सोडण्याचा अर्ज तू लिहून ठेवला आहेस आणि शुक्रवारी देणार आहेस. तो देऊ नकोस. का, ते खाली आहे. शेवटपर्यंत वाच.

निवृत्त झाल्यापासून मला काम म्हणजे आपलं ते प्लगइन. मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचं, सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतल्या पेशी मोजणारं, मी लिहिलेलं, एवढंसं. पण फुकट आहे, आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं, म्हणून चाळीसेक प्रयोगशाळा ते वापरतात. मी नवी आवृत्ती चढवली की त्यांचं सॉफ्टवेअर सुरू होताना विचारतं, अपडेट घ्यायचं का? माणसं न वाचता 'हो' दाबतात. माझ्यावरच्या विश्वासाने दाबतात, असं मी चारचौघांत सांगत आले.

मंगळवारी एका अनोळखी तंत्रज्ञाची मेल आली. सोबत फोटो, काही पेशींभोवती लाल गोल. "बाई, या पेशी दोनदा मोजल्या जातात का?" आधी स्वतःचं काम तपासा, असं माझं नेहमीचं उत्तर लिहायला घेतलं. मग सहज मोजून पाहिलं. दोनदाच मोजल्या जात होत्या.

तुला माहीत आहे, मोठा फोटो तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडतात. शिवणीवरची पेशी अर्धी इकडे, अर्धी तिकडे; ती एकाच तुकड्यात धरायची. फेब्रुवारीतल्या माझ्या आवृत्तीत हा नियमच बंद होता. एका प्रयोगासाठी मीच बंद केला होता, आणि चढवताना चुकीच्या फोल्डरमधली फाइल उचलली. तपासलं होतं, नाही असं नाही. पण एका लहानशा, एकसंध फोटोवर. त्याला शिवणच नव्हती.

मंगळवारीच दुरुस्त आवृत्ती चढवली. 'काय बदललं' या रकान्यात लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. कोण वाचतंय? चार दिवस ते तसंच होतं, आणि मला झोपही बरी लागत होती. हेही तुला कळायला हवं.

काल ताई गेल्यावर मात्र मार्चमधला तो दिवस काही केल्या जाईना. तुमच्या विभागात, माझ्या जुन्या टेबलाशी, तू कागद घेऊन उभी होतीस.

"मावशी, डोळ्यांनी मोजलं की दोनशे बारा येतात. प्लगइन दोनशे एकतीस म्हणतं."

"परत मोज."

"चारदा मोजलं गं."

"मग पाचव्यांदा मोज. यंत्र दमत नाही, तू दमतेस."

नंतर तुझ्या सरांसमोर आणखी एक वाक्य बोलले. ते इथे गाळणार होते. लिहितेच. "जिला मोजता येत नाही, तिने संशोधनाच्या वाटेला जाऊ नये."

काल तुझा तो फोटो उघडला आणि शिवणीवरच्या पेशी बोट ठेवून मोजल्या. एकोणीस. म्हणजे दोनशे बाराच.

सात वर्षांची होतीस तेव्हा आमच्या इमारतीचा जिना मोजत चढायचीस. मधल्या सपाट जागेवर थांबून मला बजावायचीस, "ही खालच्या जिन्यात धरली ना, मग वरच्यात नाही धरायची." तुला ते सातव्या वर्षी कळत होतं.

काका म्हणाले, "तुला माफी मागणं जमत नसेल तर तीही अपडेट म्हणून पाठव. ती 'हो' दाबेल." मी म्हटलं, ती न वाचता दाबणाऱ्यातली नाही.

ती 'किरकोळ सुधारणा' काल काढली. आता तिथे आहे: "फेब्रुवारीच्या आवृत्तीत शिवणीवरच्या पेशी दोनदा मोजल्या जात होत्या. चूक माझी. तेव्हापासूनचे आकडे पुन्हा काढावेत. मार्चमध्ये एका विद्यार्थिनीने ही चूक नुसत्या डोळ्यांनी पकडली होती. मी ऐकलं नाही." चाळीसही ठिकाणी हेच कळवलं. तुझं नाव घालायला तुझी परवानगी लागेल, म्हणून जागा मोकळी ठेवली आहे.

तुझ्या सरांना फोन करून ते वाक्य परत घेतलं. बोलले त्यांच्यासमोर होते. ते म्हणाले, आकडे बदलायला महिना देतो. तुला हवी असेल तर बरोबर बसायला येईन. नको असेल तर गुडघ्याचं निमित्त आहेच.

तुझा हाताने मोजलेला तो कागद फाडला नसशील, तर प्रबंधाला जोड.

पाचव्यांदा मोजायची पाळी जिची होती, ती
तुझी मावशी