पाठीला टेकलेला कान

दि. ३ मे

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज मोटाररस्ता संपला. इथून पुढे पाठीवर ओझं आणि पायाखाली दगड. मुक्कामाला पत्र्याच्या छपराची खोली मिळाली आहे, दोन खाटा आणि खिडकीत थेट डोंगर. घरी फोटोत इतका उभा दिसत नव्हता.

आईला सांग, मी पोटभर जेवते. दादाला सांग, दोर नवा आहे आणि तो तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. लिफ्टच्या खड्ड्यात लोंबकळून दुरुस्त्या करत पोट भरणाऱ्या बहिणीला दोर कळतो, एवढा विश्वास त्याने ठेवावा.

माझी जोडीदार गुरांची डॉक्टर आहे हे मागे लिहिलंच होतं. बोलते कमी. मागच्या वर्षी ती याच डोंगरावर आली होती, पण तेव्हाच्या जोडीदाराने ऐनवेळी कच खाल्ली आणि तिला शिखराखालून परतावं लागलं. ते ती विसरलेली नाही. सकाळी ती माझ्या पट्ट्याची गाठ तपासते, मी तिची. डॉक्टर चहात साखर घेत नाही. डॉक्टर झोपेत मोजे काढून फेकते आणि सकाळी शोधत बसते.

मला जरा खोकला झालाय, धुळीचा असेल. आईला कळू देऊ नकोस. आणि त्या स्थळाचं काय झालं? दादाने परस्पर हो म्हटलं नाही ना?

लोभ आहे तसाच ठेव, काळजी थोडी कमी केलीस तरी चालेल.

तुझी,
खारू

दि. ९ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईंना मोठ्याने वाचून दाखवलं, खोकला गाळून.

छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून मला एक खोड लागली आहे. एकच शब्द पुन्हापुन्हा आला की पेन्सिल आपोआप खाली येते. तुझ्या पत्रात 'डॉक्टर' इतक्यांदा आली आहे की समासात प्रश्नचिन्ह काढावंसं वाटलं. बाई दिसते कशी याबद्दल अवाक्षर नाही, मोज्यांचं मात्र सविस्तर. चेष्टा करतेय. पण अर्धीच.

तू परतल्यावर पहिल्या रविवारी पाहुणे तुला बघायला येणार आहेत. आईंनी पडदे धुवायला काढलेत. तुझ्या दादाने जरा थांबू या असं म्हणून पाहिलं, पण आईंपुढे त्याचं किती चालतं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या मनात दुसरं काही असेल तर आधी मला कळव. मी ऐकून घेईन. ऐकल्यावर काय करीन ते आज सांगता येत नाही, मलाही भीती वाटते.

खोकला डॉक्टरच्या कानावर घातलास का? आजच घाल.

जपून चढ, आणि त्याहून जपून उतर.

तुझी,
वहिनी

दि. १७ मे, वरचा तळ

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

प्रश्नचिन्ह बरोबर जागी काढलंस. मला ती आवडते. मैत्रीण आवडते तशी नाही, तुला दादा आवडतो तशी. लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

तिला बोलले नाही. समज बोलले आणि तिला ते किळसवाणं वाटलं, तरी एकाच दोराला बांधून दोघींना खाली यायचंच आहे. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

खोकल्याचंही बोलले नाही. दिवसा तो कसाबसा दाबता येतो. ऐकला तर ती तडक मागे फिरेल, आणि सलग दुसऱ्यांदा जोडीदारापायी तिचं शिखर हुकेल. ती जोडीदार मला व्हायचं नाही. रागाव, पण समजून घे.

आकाश मोकळं राहिलं तर उद्या वर निघू. सामान पोचवणारा माणूस खाली जायला निघालाय, त्याच्याच हाती हे देते. तुला मिळेपर्यंत आम्ही वर जाऊन आलेल्याही असू.

सगळं कळूनही लोभ उरला तर तो असू दे.

खारू

दि. २२ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि ती बातमी एकाच दिवशी हाती आली. बातमी छोटी होती, तपासायला आलेल्या आतल्या पानावरची. डोंगरावर वादळ, दोन महिला गिर्यारोहकांशी संपर्क नाही. 'गिर्यारोहक'मधली पहिली वेलांटी चुकली होती. ती मी दुरुस्त केली, खाली सही केली आणि कागद पुढे दिला. नंतर नळापाशी गेले आणि तो सोडून नुसती उभी राहिले.

तुझा दादा तेव्हापासून फोनला चिकटून आहे. आईंना सांगणं भागच होतं. त्या एकच घोकत बसल्या की पोर सुखरूप येऊ दे, मी तिला महिन्याच्या आत उजवून टाकते, पुन्हा घराबाहेर सोडत नाही. खारू, माझ्याने राहवलं नाही. मी म्हणून गेले की तिचं मन तिथे जडलंय, दोराला सोबत बांधलेल्या त्या डॉक्टरवर. तुझी परवानगी घ्यायला तू कुठे होतीस? आई उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. अजून उघडलेलं नाही.

हे तळाच्या पत्त्यावर पाठवते. वाचायला तू आहेस असं धरूनच लिहितेय, नाहीतर लिहवलं नसतं.

एक ओळ तरी पाठव ग.

वहिनी

दि. २७ मे, खालच्या गावचं इस्पितळ

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहोत हा निरोप दादाला मिळालाच असेल. बाकीचं आज लिहिते, बसल्याजागी धाप लागत नाही आता.

शिखर इतकं जवळ होतं की वरची निशाणाची काठी दिसत होती. मी दम खायला म्हणून बसले, खोकला काही केल्या दाबला जाईना, आणि उगाच हसत राहिले. डॉक्टर मागून आली, माझी जाड बंडी वर केली आणि पाठीला कान टेकवला. मी मूर्ख. मला वाटलं, हिलाही तेच वाटतंय. डोळे मिटून घेतले. एवढ्या थंडीत तिचा कान तेवढा गरम होता.

मग ती म्हणाली, "तुझ्या छातीत पाणी भरतंय. आपण खाली जातोय."

मी भांडले. तू जाऊन ये, मी इथेच बसते, म्हटलं. तिने वर एकदा पाहिलं आणि दोर सोडवायला घेतला. थोड्याच वेळात वादळ आलं. मला पाऊल टाकवेना, तेव्हा तिने मला दोराने टप्प्याटप्प्याने खाली सोडलं. दोर गोठून ताठ झालेला, जाड हातमोज्यातून सरकेना, म्हणून तिने उजव्या हातातला मोजा काढून टाकला.

तळावरचा तंबू उडून गेला होता. खडकाच्या आडोशाला आम्ही पडून होतो. आता काही खरं नाही असं वाटलं, म्हणून मी बोलून टाकलं. तिने माझी टोपी कानांवर नीट ओढली. मग म्हणाली, की कान लावायला तिला खोकल्याचं निमित्त मिळालं एवढंच, लावायचा तर कधीपासून होता. आणि त्यानंतर खोकला लपवल्याबद्दल ती माझ्यावर जी रागावली, तसं मला आजवर कुणी बोललेलं नाही. शोधायला आलेल्या लोकांना आधी तिचा आवाजच ऐकू आला म्हणे.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आहेत. राहतील की जातील हे इतक्यात सांगता येत नाही म्हणतात. त्याच हाताने ती अडलेली वासरं सोडवते. डावाही चालतो, असं ती हसून सांगते. पण कुणी बघत नाहीसं वाटलं की ती बोटं हलवून पाहते.

आईला सांगितलंस, राग नाही, भीती आहे. मी ठरवलंय की आधी एकटीच यावं, आईची समजूत काढावी, डॉक्टरचं मग सावकाश पाहू.

तुझा लोभ घट्ट धरून बसलेली,
खारू

दि. ३१ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

तू आहेस. पहिल्यांदा ते वाचलं, बाकी सगळं नंतर.

पाहुण्यांकडे तुझा दादा स्वतः जाऊन 'नाही' सांगून आला. आला तो बुटांसकट खुर्चीत बसून राहिला. त्याला हे समजलंय असं नाही, पण तो गेला.

आईंनी दार उघडलंय. माझ्याशी बोलत नाहीत. काल त्या भाजी निवडत होत्या, मी समोर बसले आणि तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी मान वर केली नाही. मी कागद घडी करून उठले, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या मुलीच्या बोटांचं पुढे काय झालं?"

मला माहीत नाही, म्हटलं. मग विचारून घे, म्हणाल्या. एवढंच. यातून फार अर्थ काढू नकोस, आज पुन्हा तोंड बंद आहे.

पण एकटी येऊ नकोस. एकटी आलीस तर तुला रडून, आजारी पडून, गोडीगुलाबीने गप्प बसवणं आम्हाला फार सोपं जाईल, आणि आम्ही ते करू. मीसुद्धा करीन, मला माझी खात्री नाही. दोघी या. काय व्हायचं ते तिच्यासमोर होऊ दे.

बोटांचं उलट टपाली कळव, आई वाट बघताहेत.

तुम्हा दोघींची,
वहिनी