पिल्लाच्या खर्चात राहून गेलेलं

सौरभ,

पॉमेरेनियनच्या पिल्लाचा तुझा हिशेब वाचला. लसी, खाणं, केस कापणं, अगदी रबरी हाडूकसुद्धा धरलंस. शाबास! फक्त दिवसभर त्याच्यापाशी घरात थांबणारं माणूस तेवढं फुकटात धरलंस, आणि मला विचारलंही नाहीस.

मी पांडेसऱ्याला एका मिलमध्ये अकाउंट्सच्या इंटरव्ह्यूला चाललेय. रात्रीच सांगणार होते, पण तू पिल्लाचं नाव ठरवत होतास. सकाळपासून दोनदा ड्रेस बदलला. वरण-भात कुकरमध्ये आहे, गरम करून घे.

पिल्लू मलाही हवंय रे. नोकरी लागली तर दुपारी त्याला सांभाळणाऱ्या बाईचा पगार हिशेबात लिही. नाही लागली, तर माझा लिही.

मृणाल