पत्ती नसलेली क्लॅरिनेट

२ फेब्रुवारी
मामाने बँडमध्ये घेतलं! — वाजवायला नाही, रांग भरलेली दिसायला. लोक म्हणे माणसं बघून बँड ठरवतात. मला क्लॅरिनेट दिलीय, पण तोंडाशी असते ती पत्ती काढून घेतलेली. पत्ती नसली की कितीही फुंका, नुसती हवा. "बोटं हलव, गाल फुगव. बाकीचं आम्ही बघतो," मामा म्हणाला.

मला चालतंय. वर्गात उभं करून वाचायला लावलं की माझा घसा बंद व्हायचा. म्हणून तर शाळा सुटली. इथे आवाज न काढणं हेच काम.

५ फेब्रुवारी
कोटाच्या बाह्या हातभर लांब. आईने आतून दुमडून दिल्या.

११ फेब्रुवारी
ढोल वाजवणारे काका सगळ्यांसमोर म्हणाले, आपल्या बँडात कधीच बेसूर न होणारी ही एकटीच! सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत खुपत राहिलं. दुपारी एका चिमुरडीने विचारलं होतं, तू खरंच वाजवतेस? मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

२० फेब्रुवारी
क्लॅरिनेटवरची मामाची बोटं बघून बघून सगळ्या चाली हातात बसल्यात. भांडी घासतानाही बोटं चालू. आई म्हणते, अगं, ताटली आहे ती.

१ मार्च
धीर करून पत्ती मागितली. मागितली म्हणजे — बोट दाखवलं. "देईन की," मामा म्हणाला. "पण उद्यापासून मागे नको, माझ्या समोर उभी राहा."
समोर!

८ मार्च
आम्ही अर्धगोलात उभे राहतो. मी आता मामाच्या बरोब्बर समोर. तो वाजवताना डोळे मिटायचा. हल्ली उघडे असतात, माझ्या बोटांवर.

१४ मार्च
आज चुकले. त्या संथ चालीत दोन फेरे खाली उतरतात, तिसरा वर चढतो. माझं लक्ष कुठेतरी गेलं आणि दुसऱ्याच फेऱ्याला बोटं वर गेली. म्हटलं, माझी चूक कुणाला ऐकू येणार?

तर मामाच्या क्लॅरिनेटचा सूरही तिथेच वर चढला! मागोमाग सगळा बँड धडपडला.

चुकलो रे बाबांनो, वय झालं, असं म्हणून मामा हसला. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "दुसराच फेरा होता ना गं?"

"हो मामा. मी चुकले."

१५ मार्च
मामाला हल्ली फेरे आठवत नाहीत. पत्तीची घाई नाही. उद्यापासून बोटं जरा उंच उचलायची. मामाला नीट दिसतील अशी.