चित्र फार स्वच्छ नको

दि. ११ नोव्हेंबर

लाडक्या धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. इथे सगळं ठीक. यांचा गुडघा दुखतो तो दुखतोच, आणि माझी बडबडही आहे तशीच आहे. नव्या घराला पडदे लागले का?

तू फोनवर म्हणालीस, तो जुना व्हिडिओ रेकॉर्डर भंगारात टाक, मी नवा पाठवते. तुझी माया कळते गं, पण जरा थांब. माझं काही ठरेना. दुरुस्त करावा तर एक अडचण, नवा घ्यावा तरी तीच अडचण. डोक्याचा नुसता भुगा झालाय.

झालंय असं, की तो कॅसेट गिळतो. मध्येच खर्र करून थांबतो, मग मी सुरीच्या टोकाने फीत सोडवत बसते. चित्राचं तर विचारूच नकोस. पडद्यावर मुंग्या, माणसांच्या तोंडावरून पांढरे पट्टे. नवरी कुठली आणि पाहुणी कुठली, ओळखून दाखव. आमच्याकडे रोज संध्याकाळी ती एकच कॅसेट लागते. लग्नाची.

कुणाचं लग्न म्हणशील, तर तेच लिहायचं टाळत होते. यांनी उभा जन्म लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं, आणि आमच्या लग्नातला फोटोवाला रोल संपला म्हणून जेवून चालता झाला. ही कॅसेट कुण्या गिऱ्हाइकाची, त्यांनी कधी नेलीच नाही. हे हल्ली विसरतात गं. दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडते. परवा समोरच्या इमारतीत परक्याच्या दाराला किल्ली लावत उभे होते. मागच्या हिवाळ्यात ही कॅसेट लागली, तेव्हा मी विचारलं, "आपलंच ना हे?" नाही, यांनी विचारलं. आणि मी हो म्हटलं. काय बिघडलं? चेहरा असा खुलला.

तेव्हापासून रोज बघतो. हे म्हणतात, "किती बारीक होतीस!" मी म्हणते, "तुम्ही तरी कुठे पैलवान होता." दिवसातला तेवढाच वेळ बरा जातो.

म्हणून चित्र साफ झालं की संपलं. ती नवरी माझ्याहून वीतभर उंच, नाक धारदार. नव्या मशीनवर लख्ख दिसेल, आणि मग यांना काय सांगू?

परवा मशीन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे टाकलं. काल दुपारी मुद्दाम सांगायला गेले, "गिळणं तेवढं थांबवा, चित्राला हात लावू नका." त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काकू, तुम्ही दोघं आधी घरात बोलून घ्या ना. काका सकाळीच हे सांगून गेले."

"काय सांगून गेले?"

"चित्र साफ करू नका म्हणाले. लग्न दुसऱ्याचंच आहे, पण हिला आपलं वाटतं, तर वाटू दे."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. आधी राग आला, मग हसू आलं. म्हटलं, बघा, माझीच थाप मला परत विकतात. पण घरी येताना मध्येच थांबले. त्या हिवाळ्यात नक्की कोणी विचारलं होतं? कितीही आठवलं तरी एकदा यांचा आवाज ऐकू येतो, एकदा माझा. आणि ते कपड्यांचं कपाट तर मीच लावते.

हे दारातच उभे होते. म्हणाले, "आलीस? बरं झालं, रस्ता सापडला." मी चहा टाकला, त्यांनी कप काढले.

मशीन उद्या मिळेल, मुंग्यांसकट. म्हणून नवा पाठवू नकोस. आणि आमच्यातलं कोण विसरतंय हे तुला बाहेरून दिसत असेल, तर तेही इतक्यात कळवू नकोस. संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसतो, ते तसंच चालू दे.

तुला अजून नीट ओळखणारी,
ताई