शनिवारची हिरवी खूण

आई, जुलैमध्ये मी शिकवते त्या शाळेच्या सभागृहात तुझा फोटो लावला. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि फोटोत तू चाळिशीची, कडक इस्त्रीच्या साडीत, कपाळावर आठी. आमच्या प्राचार्या तुझ्या हाताखाली शिकलेल्या, माझ्यानंतर आठेक वर्षांनी. त्या माइकवर सांगत होत्या की मॅडमनी आम्हाला तिसरीत स्वतःचा संकल्प करायला आणि स्वतःच तो तपासायला शिकवलं, म्हणून मी इथवर आले; आणि आता आपल्या शाळेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला तशीच एक पुस्तिका मिळेल, सोमवारी लक्ष्य लिहायचं, शनिवारी खूण. मी पहिल्या रांगेत बसले होते. सगळे वळून वळून माझ्याकडे बघत होते, मॅडमची मुलगी, किती अभिमान वाटत असेल. मी टाळ्या वाजवत होते. इतक्या जोरात की शेजारच्या बाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. तो अभिमान नव्हता, आई. सत्तेचाळीस वर्षं माझ्या पोटात असलेला राग हातांतून बाहेर येत होता, आणि लोकांना ती टाळी वाटली.

तुझी पद्धत चांगली होती, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे तू मध्येच मला तोडणार नाहीस. बिर्लानगरातली ती हिंदी शाळा, बहुतेक मुलं गिरणीत काम करणाऱ्यांची, वर्गात पंखा नाही, भिंतीवर तू खाकी कागद चिकटवलेला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि पुढे चौकोन. सोमवारी एकेकाने उभं राहून सांगायचं की या आठवड्यात मी काय करणार. “जो दूसरा बताए वो लक्ष्य नहीं होता,” तू म्हणायचीस. “छोटा रखो, अपना रखो.” कुणी म्हणे, मी बुटाची नाडी स्वतः बांधेन. कुणी म्हणे, धाकट्या भावाला मारणार नाही. तू हसायची नाहीस, गंभीरपणे लिहून घ्यायचीस. शनिवारी मूल स्वतः सांगायचं, झालं की नाही झालं, आणि झालं असेल तर तू हिरव्या स्केचपेनने बरोबरची खूण करायचीस. नाही झालं म्हणणाऱ्याला तू कधी रागावली नाहीस. “अगले हफ्ते छोटा कर लेंगे,” एवढंच. परक्यांच्या लेकरांशी इतकी मऊ बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर मी. वय आठ. घरी तू आई, शाळेत मॅडम, आणि बाड्याच्या चौकातून सुटणाऱ्या टेम्पोत बसलं की नक्की कोण ते मला कळायचं नाही. मी बोलताना अडायचे. सगळ्यात जास्त अडायचे हजेरीला. “उपस्थित, मैडम” म्हणायचं असायचं, आणि माझे ओठ ‘उ’ला गोल व्हायचे आणि तसेच राहायचे, आवाज यायचाच नाही, मागची मुलं खुसुखुसु हसायची, आणि तू खाली हजेरीपटात माझ्या नावापुढे पेन धरून थांबायचीस. एका सोमवारी मी उभी राहिले आणि म्हटलं की या हफ्त्यात मी उपस्थित न अडता म्हणेन. हे म्हणतानाही तीनदा अडले. तू लिहून घेतलंस.

तो आठवडा मला दिवसादिवसाने आठवतो. टोपी बाजारामागच्या आपल्या दोन खोल्यांतून निघून बाड्यापर्यंत चालताना मी दर पावलाला तो शब्द पुटपुटते आहे. टेम्पोत तू शेजारी बसली आहेस, मांडीवर वह्यांचा गठ्ठा, आणि तू हळूच म्हणतेस, “आधी श्वास घे. पोटातून. मग बोल, घाई कसली?” युक्ती तूच दिलीस. मंगळवारी, बुधवारी जमलं. गुरुवारी माझं नाव आलं तेव्हा बाहेर गिरणीचा भोंगा वाजत होता, मी तो संपेपर्यंत थांबले, पोटातून श्वास घेतला आणि म्हटलं. स्वच्छ. शुक्रवारी आणि शनिवारी तर मला वाटलं, मी आयुष्यभर हाच एक शब्द म्हणत राहू शकेन.

शनिवारी चौकोन भरायची वेळ आली. मी उभी राहिले. “हो गया, मैडम.” तेही न अडता. तू कागदाकडे वळलीस, पेन उघडलंस, आणि मग टोपण परत लावलंस. “गुरुवार को रुकी थीं,” म्हणालीस. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. शेजारची मुलगी ताडकन उभी राहिली, तिचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, कुणाला घाबरायची नाही ती. “नहीं मैडम, बोली थी! साफ बोली थी!” मागूनही दोघंतिघं बोलले, बोली थी, बोली थी. माझ्यावर हसणारी मुलं होती ती, आई. आणि तू त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, “मैंने नहीं सुना,” आणि पुढचं नाव घेतलंस.

दुपारी तू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होतीस. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, गुरुवारी मी म्हटलं होतं ना? तू जुडीवरून मान वर केली नाहीस. “म्हटलं होतंस की,” म्हणालीस. इतकं सहज. “मग खूण का नाही दिली?” तेव्हा तू वर बघितलंस, जणू मी फारच बाळबोध प्रश्न विचारला होता. “अगं, वर्गात सगळे बघतात. मॅडमची मुलगी म्हणून दिली म्हणतील. स्टाफरूममध्ये आधीच काय काय बोलतात तुला काय माहीत? तुला ठाऊक आहे ना तू केलंस, मला ठाऊक आहे. मग कागदावरच्या खुणेचं एवढं काय?” आणि मेथीची एक काडी मोडून टोपलीत टाकलीस.

एवढं काय! तीस मुलांना तू शिकवत होतीस की त्या खुणेचं मोल किती आहे. त्या खुणेसाठी मुलं नाड्या बांधायला शिकली. आणि मी विचारलं तर कागद. तुला खरंच ऐकू आलं नसतं, तू खरंच चुकली असतीस, तर मी कधीच विसरले असते. तू ऐकलं होतंस. मला तूच दिलेला श्वास तू अडणं म्हणून मोजलास, भर वर्गात, कारण तुला तुझं नाव स्वच्छ ठेवायचं होतं. तुझ्या निष्पक्षपणाची किंमत आठ वर्षांच्या मुलीने द्यायची, आणि वर समजूतदारपणाही तिनेच दाखवायचा.

पुढच्या सोमवारी मी काय संकल्प सांगितला, ते तुला आठवत होतं का शेवटपर्यंत? मी म्हटलं, “इस हफ्ते कम बोलूँगी.” मला वाटलं, तू थांबशील. पेन खाली ठेवशील, निदान मधल्या सुट्टीत बोलावशील. तू लिहून घेतलंस. आणि शनिवारी, आई, त्याची तू हिरवी खूण केलीस. पहिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या. ओळीने सात खुणा मिळाल्या मला. तू बाबांना सांगितलंस, “आता शहाणी झाली, वर्गात आवाज नसतो तिचा.” बाबा म्हणाले, “वा.”

त्यानंतर मी कॉलेजपर्यंत कुठेच आपण होऊन तोंड उघडलं नाही. बी.एड.च्या पाठाला परीक्षक मागे बसलेले आणि मी फळ्याला चिकटून उभी, ते तुला कळलं तेव्हा तू म्हणालीस, “इतकं घाबरायचं काय असतं? लहानपणी तर बरं झालं होतं तुझं.” म्हणजे आठवत होतं! आणि तरी एक शब्द नाही. तू गेलीस तेव्हा तुझ्या दिवसांना किती विद्यार्थी आले, केवढे मोठे होऊन आले. प्रत्येक जण आपापल्या पहिल्या खुणेची गोष्ट सांगत होता. मी चहा देत फिरत होते. मला कुणीतरी विचारलं, तुम्हारी पहली टिक किस बात की थी? मी म्हटलं, याद नहीं.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे या वर्षी दुसरीचा वर्ग आहे. पुस्तिका आल्या, रंगीत, चकचकीत. मी मुलांना तसंच सांगितलं, छोटा रखो, अपना रखो, शब्दही तुझेच निघाले तोंडातून. एका मुलीने लिहिलं, ‘रोज अपनी चोटी खुद करूँगी.’ सात वर्षांची आहे. तिची आई इस्पितळात आया आहे, सकाळच्या पाळीला लवकर निघते. आठवडाभर ती मुलगी वाकड्यातिकड्या वेण्या घालून येत होती, एक कानाजवळ, एक मानेवर, भांग नागमोडी. शनिवारी आली ती दोन सरळ, घट्ट, सारख्या वेण्या घालून. त्याच सकाळी प्राचार्यांनी आम्हाला ऐकवलं होतं की पालक तक्रार करतात, टीचर लोक खुणा वाटत सुटतात, जरा तपासून द्या. मी तिच्या वेण्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “आज तो मम्मी ने की है ना?”

“नहीं मैडम, मैंने की.”

“सच बोलो बेटा.”

“सच में, मैडम.”

मी म्हटलं, “ऐसी चोटी तो मुझसे भी नहीं होती,” मुलं हसली, आणि मी पुढच्या पुस्तिकेकडे वळले. तिचा चौकोन रिकामा ठेवून. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन व्हरांड्यात उभी होते. खेळताना तिची रिबीन सुटली. ती पायरीवर बसली, आरसा नाही, कंगवा नाही, बोटांनी केस तिघांत वाटले आणि बघता बघता वेणी घातली, सरळ, घट्ट, दुसऱ्या वेणीसारखीच. सहा दिवसांत शिकली होती ती. तिला आलं होतं, म्हणूनच मी तिला खोटी ठरवलं. मी तिथे तशीच उभी राहिले. त्याच मिनिटाला जायला हवं होतं. भोवती इतर बाया होत्या, एक प्राचार्यांच्या मर्जीतली, आणि मी गेले नाही. शाळा सुटली.

सोमवारी मी वर्गापुढे उभी राहून सांगितलं, “मुझसे गलती हुई. इसने चोटी खुद की थी, मैंने अपनी आँखों से देखा.” ‘गलती’वर अडले. चांगली चारपाच सेकंद अडले, मुलं बघत राहिली, आणि मी तो शब्द सोडून दुसरा घेतला नाही, तोच पुरा केला. मग तिच्या पुस्तिकेत खूण केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, “ठीक है, मैडम,” औषध घेतल्यासारखं. तेव्हा मी पाहिलं, तिच्या वेण्या तेलाने चपचपीत, भांग सरळ, रिबिनीची फुलं मोठी. मी विचारलं. “अब मम्मी कर देती हैं,” ती म्हणाली, “अँधेरे में उठा के.” आणि नवीन आठवड्याच्या चौकोनात लिहून ठेवलं होतं, ‘जो मैडम बोलें वो करूँगी.’

मला तिथल्या तिथे तुझ्या अंगावर ओरडावंसं वाटलं. तू असंच ऐकलंस, आई, माझ्या तोंडून ऐकलंस, आणि खूण केलीस! मी नाही केली. तीन आठवडे ती तेच लिहिते आहे, आणि काल मी तिला जवळ बसवून म्हटलं, बेटा, ये तुम्हारा नहीं, ये तो मेरा हो गया, इस पर टिक नहीं लगती. ती घाबरली. “तो ये भी गलत है?” तिने विचारलं. मी काहीतरी बोलले, काय ते मलाही नीट कळलं नाही. तिच्या आईला निरोप पाठवून बोलावलं, सगळं खरं सांगितलं. ती बिचारी माझीच समजूत घालत बसली, “अरे मैडम, बच्ची है, भूल जाएगी.” मी तिला म्हटलं, नहीं भूलेगी. तिला ते विचित्र वाटलं असावं.

आज रविवार. दुपारपासून लिहिते आहे. हा कागद कुठे जायचा नाही, हे मला बसतानाच माहीत होतं, आणि राग काढायचा म्हणूनच बसले. काही निघाला, बराच राहिला. तो राहू दे, तो माझा आहे. पण एक कबूल करते. सकाळभर मी घरात हिंडत होते ती तुझ्याशी भांडायला नाही. तुझ्या वर्गात एक मुलगी आली होती, आल्यापासून अवाक्षर बोलत नव्हती. तू रोज तिच्या बाकावर जाऊन बसायचीस आणि पेन्सिली तासायचीस, काही न विचारता, आणि एके दिवशी तिने आपण होऊन तुझ्याकडे शार्पनर मागितला. मी बघत होते तेव्हा. मला प्राचार्यांना विचारायचं नाही, पुस्तिकेवाल्यांना विचारायचं नाही. उद्या सोमवार आहे, आणि माझ्या त्या वेण्यांवाल्या पोरीशी काय बोलायचं, ते मला तुलाच विचारायचं होतं.