एकच थेंब

६ ऑक्टोबर, तुये (गोवा)
पोचलो एकदाचा! चंदगडात पंधरा वर्षं विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त केल्या, आता खेळण्यातल्या करणार. इथे खाचेतून धावणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्या बनतात. मोटर केवढी, तर सुपारीएवढी. मालक गुरुदासबाब भला माणूस. खोली मिळाली, सकाळी पदेराकडून, म्हणजे इथल्या पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेतले. दिवाळीला स्वातीला आणणार. लग्नाला सात वर्षं झाली, बायकोला समुद्र दाखवला नाही मी.

७ ऑक्टोबर
कारखान्यातल्या जुन्या कामगार सुलोचनाताईंनी काम शिकवलं. नवी मोटर आधी कमी विजेवर चार तास फिरवायची, म्हणजे आतला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा नीट बसतो. गाडीत बसवताना दात्यांमध्ये कागद सरकवून फट बघायची. तेल सुईच्या टोकाने, एकच थेंब. जास्त झालं तर कार्बनवर उतरतं आणि मोटर मरते.
इथली रीत गमतीची. प्रत्येकाची पहिली मोटर देवाच्या फळीवर ठेवतात, खाली नावाची चिठ्ठी. वीज गेली तरी ती बॅटरीवर फिरत राहते. कोपऱ्यातली एक बंद आहे. चिठ्ठी भैरूची, माझ्या आधीच्या कामगाराची. त्याचं विचारलं तर ताईंनी पुढची मोटर माझ्या हातात दिली.

८ ऑक्टोबर
माझी मोटर फळीवर चढली. चिठ्ठीवर स्वातीचं नाव लिहिलं. नाहीतरी मी तिच्याच नावाने फिरतोय! तेल चांगलं तीन थेंब सोडलं. आम्हाला मोटर शिकवणार होय कोणी?

१० ऑक्टोबर
मोटर मध्येच अडखळते. लाज वाटली, कुणाला बोललो नाही.
स्वातीचा फोन. छातीत ठोका चुकतो म्हणे. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

११ ऑक्टोबर
स्वातीशी फोनवर बोलत होतो, डोळे फळीवर. मोटर अडखळली. त्याच क्षणी ती म्हणाली, बघा, पुन्हा झालं.
चार वेळा. चारही वेळा तसंच.
ताईंना सगळं सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, “भैरूची मोटर मीच बंद केलेली, पुसूक. मिन्टभर. तो थंयच बसलेलो.”
मोटर थांबली आणि भैरू बसल्या जागी गेला. म्हणूनच फळीची वीज तोडायला कोणी धजत नाही.

१३ ऑक्टोबर
कार्बन पुसायचा तर मोटर थांबवायला हवी. थांबवली तर—
ठिणग्या उडतायत. जळका वास.
स्वातीला बेळगावला दवाखान्यात नेलंय. माझ्या तीन थेंबांनी. माझ्या शहाणपणाने.

१४ ऑक्टोबर, सकाळ
मोटर फिरती ठेवून चिठ्ठी ओढली. दुसरी सरकवली. विजय. माझं नाव.
दहा मिनिटांत तिचा फोन. एकदम मोकळं वाटतंय म्हणे. दिवाळीला कोणती साडी आणू? हिरवी, म्हणालो.
मोटर अडखळली की पेन—
पुन्हा—
स्वाती, समुद्र मात्र बघून—